अर्जाआधीचा सवाल

हिंगोलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली बसणारा तो अर्जनवीस मान वर करून बोलतच नसे. राजधानीला, वजिराच्या दफ्तरात पाठवायचे अर्ज तो उर्दूत लिहून द्यायचा. पण आधी प्रत्येकाला विचारायचा, "सरहद्दीपल्याड, इंग्रजी मुलखात सोयरे हायेत का?" उत्तर मात्र कधी कागदावर घेत नसे.

फौजदारानं माझ्या भावाला उचलून नेलं, तेव्हा मी त्याच्याविरुद्ध अर्ज लिहून घ्यायला गेलो. पुन्हा तोच सवाल.

"पुसदला मामा हायेत. पर काहून विचारून राहिले?"

"अर्ज चौकशीसाठी माघारी त्याच फौजदाराकडं येतो. त्याच्या आत लेकरं मामाकडं धाडा."

मी विचारलं, "अन् तुमी? अक्षर तुमचं हाय, तो वळखंल."

"मला पल्याड कोणी न्हाई," म्हणत त्यानं टाक दौतीत बुडवला.