मुंग्यांसकट

माझ्या मावशीला अख्खी गल्ली 'फुटपट्टी' म्हणते. कानामागे पेन्सिल, हातात स्टीलची पट्टी आणि बोलणं त्या पट्टीहून सरळ. चित्रांना फ्रेम करायचं तिचं दुकान दोन माणसं शिरली की भरतं, तिसऱ्याने दारात उभं राहून भाव विचारायचा. कमी करा म्हटलं की मावशी सुनावते, "भाव चित्र काढणारीने ठरवलाय. तिच्याशी घासाघीस करायची हिंमत असेल तर पत्ता देते." आजवर एकानेही पत्ता मागितलेला नाही.

चित्र काढणारी ही डोंगरातली आदिवासी बाई. मावशी तिला 'चित्रकारीण' म्हणते. तिच्या प्रत्येक चित्रामागे मावशी पेन्सिलीने तिचं नाव, गाव आणि चित्रातली गोष्ट लिहिते. गिऱ्हाइकाने ते मोठ्याने वाचल्याशिवाय चित्र कागदात गुंडाळलं जात नाही. चांगले सुटाबुटातले लोक शाळेतल्या पोरांसारखे वाचताना मी पाहिलेत. लहानपणी मला याची लाज वाटायची. आता सांगताना छाती फुगते.

दुकानात एकाच चित्राची मागची बाजू मात्र कोरी होती, आणि ते विकायचं नव्हतं.

त्याला कारण मावशीची एक चूक. वीस वर्षांपूर्वी चित्रकारीण पहिल्यांदा दुकानात आली, ती हे चित्र घेऊन. मोठं झाड, खाली हरणं, भोवती चौकट. चौकटीबाहेर सात लाल मुंग्या कागदाच्या कडेपर्यंत चालत गेलेल्या. मावशीला वाटलं, ब्रश पुसला असेल. कड वेडीवाकडी दिसली की फ्रेमवाल्यांचे हात शिवशिवतात. तिने पट्टी ठेवली, पातं फिरवलं आणि दोन बोटं रुंद कागद कचऱ्याच्या पोत्यात टाकला.

आठवड्याने चित्रकारीण आली आणि काचेसमोर उभी राहिली.

"हे कुणाचं?"

"तुमचंच की!"

"माझं नाही. मुंग्या कुठायत?"

मुंग्या ही तिच्या घराण्याची खूण होती, आईने लेकीला दिलेली. मुंग्या नसलेलं चित्र बेवारस, कुणीही उठावं आणि आपलं म्हणावं. मावशीने पोतं जमिनीवर ओतलं, गुडघ्यांवर बसून ती कापलेली पट्टी शोधली आणि परत चिकटवली. सांधा दिसायचा तो दिसलाच. "राहू दे," एवढंच म्हणून चित्रकारीण निघून गेली.

महिन्याभराने ती नवी चित्रं घेऊन आली, पुढे येतच राहिली. दोघी एकमेकींना अगं-तुगं करू लागल्या. पण त्या चित्राला ती एकदाही 'माझं' म्हणाली नाही, आणि तिने म्हटल्याशिवाय मावशी त्यावर नाव कशी घालणार?

गेल्या वर्षी नव्या हॉटेलचा मॅनेजर दुकानात आला. चाळीस खोल्यांना चाळीस चित्रं हवी होती. गावातल्या मुलींना चित्रं शिकवायला एक पक्की खोली बांधावी, हे चित्रकारणीचं किती वर्षांचं स्वप्न! ते एका फटक्यात पुरं झालं असतं. मॅनेजरची अट एकच, मुंग्या नकोत.

"अहो, खोलीत मुंग्या आहेत म्हणून पाहुणे तक्रार करतील!"

मावशीचे कान लाल झाले. आता हा पट्टी खाणार, असं मी समजले. पण ती म्हणाली, "मी कोण ठरवणारी? चित्रं तिची आहेत." तिने लगेच फोन लावून अटीसकट सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने चित्रकारीण उतरली. आम्ही तिघी हॉटेलात गेलो. मॅनेजरचं बोलणं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या कोटावरच्या पितळी बिल्ल्याकडे बोट केलं.

"साहेब, हे काय?"

"माझं नाव."

"ते कशाला लावायचं?"

"समोर कोण आहे, हे लोकांना कळायला नको?"

"मग असं करू. तुम्ही ते काढा, मी मुंग्या काढते."

त्याचा हात बिल्ल्यापाशी गेला आणि तिथेच थांबला. मग बिचारा स्वतःवरच हसला. आठ दिवसांनी निरोप आला: चाळीसही चित्रं मुंग्यांसकट, आणि प्रत्येकाशेजारी तिच्या नावाची पाटी.

गावातली खोली उभी राहिली. शेवटची फ्रेम हॉटेलात गेली त्या दिवशी चित्रकारीण दुकानात आली आणि तिने ते जुनं चित्र खिळ्यावरून उतरवलं. मावशीचा चेहरा पडला. ती ते घेऊन जाणार, असंच आम्हाला वाटलं. पण तिने चित्र पालथं केलं, मावशीच्या कानामागची पेन्सिल ओढली आणि जीभ दातांत धरून सावकाश स्वतःचं नाव लिहिलं.

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण सवय जाते कुठे!

"ओळ जरा वाकडी आलीय गं."

"येऊ दे," चित्रकारीण म्हणाली. "कापायला जाऊ नकोस. माझं आहे ते."