बाद साखळ्या

वजन उचलण्याआधी काका क्रेनची साखळी जमिनीवर सरळ पसरायचे, रॉकेलच्या फडक्याने पुसायचे आणि एकेका कडीच्या आतून अंगठा फिरवायचे. दोन कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे अंगठा थांबला, की समजावं, क्रेन आता तासभर उभी.

"ही बाद. नाय चालनार."

मुरबाडजवळच्या आमच्या कारखान्यात लोखंडी गर्डर बनायचे. साखळ्या तपासायचं काम त्यांचं, स्टोअर माझं. साठीला टेकलेले, डोळखांबकडचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याला कशाचाच भरवसा नसतो. नव्या साखळीचा तपासणीचा दाखला दाखवला तर काका म्हणायचे, "कागदाला लटकून गर्डर वर जात नाय, भाऊ."

मग बाद साखळ्या स्टोअरमध्ये जमा होण्याआधीच नाहीशा होऊ लागल्या. एक, दोन, तिसरीही. मला काकांचाच संशय आला. धडधाकट साखळी बाद ठरवायची आणि भंगारवाल्याला द्यायची, दुसरं काय? एका संध्याकाळी गेटवर, सगळ्यांदेखत, मी त्यांना पिशवी उघडायला लावली. आत रिकामा डबा आणि घामेजलेला शर्ट.

काका रागावले नाहीत. "चला," म्हणाले आणि मला शेडमागे घेऊन गेले. तिथे एका पिंपात तिन्ही साखळ्या होत्या, गॅस कटरने कडी न् कडी कापलेल्या.

"कापल्या कशाला?"

"मागं मी बाद केलेली साखळी परत हुकाला दिसली. खाली चार मानसं उभी होती. स्टोअरची चावी तुमच्याकडं. मला तुमचाच संशय होता, म्हनून बोललो नाय."

संशय खरा होता. सुपरवायझरला घाई होती. काकांनी केलेली बादची लाल खूण न बघताच मी ती साखळी काढून दिली होती. मी तसं कबूल केलं.

त्यानंतर बाद साखळी आम्ही दोघांनी मिळून कापायची, असं ठरलं. पण काका रोज गेटवर कुणी न सांगता माझ्यापुढे पिशवी उघडायचे. "नको हो, काका," मी म्हणायचो. ते ऐकायचे नाहीत.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली. मला आत बघवेना.

"बघितली," मी म्हणालो.

"कुठं बघितली? न बघता सोडायची सवय काय गेली नाय तुमची," काका म्हणाले आणि उघडी पिशवी तशीच काखेत मारून शहापूरच्या एसटीत चढले.