आल्यागेल्याची मूठ

“भात टाकलास? कचऱ्यात?” भामाबाईंनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडंच धरलं होतं. “नीलेश, ये, बघ तुझ्या बायकोनं काय केलाय. आख्खा वाडगाभर हाय.”

“आई, आधी झाकण लाव. वास येतोय,” टीव्हीवरची नजर न काढता नीलेश म्हणाला.

“अन्नाचा वास येतो तुला?”

“किशोरी, फ्रिजमध्ये ठेवायचास ना. सकाळी फोडणी दिली असतीस.”

“आणि खाल्ला कोणी असता?” किशोरीने विचारलं. ती ओटा पुसत होती.

“तूच खातेस की रोज. आवडतो तुला.”

अपूर्वने कानातून हेडफोन काढला. “पप्पा, मम्मीला भात कमी करायला सांगितलाय.”

“कमी खा सांगितला, फेकून दे नाय सांगितला,” भामाबाई सुनेकडे वळल्या. “काय गो, त्या पोरीनं शिकवला तुला हा?”

किशोरीने फडकं पिळलं. तिला राग आला नव्हता. गेले काही महिने तिला राग, रडू, फारसं काहीच येत नव्हतं.

ती पोरगी म्हणजे माधुरी. सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणीचं शिबिर झालं, तिथे ती भेटली. किशोरी घरत, वय सत्तेचाळीस, घरी पिको-फॉलचं मशीन, दिवसातले सात तास बसून काम. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पूर्णांक दोन निघाला. मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे, असं डॉक्टर म्हणाले. किशोरीने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि घरी येऊन दोन साड्यांना फॉल लावले.

तो आत आला की पुढे काय होतं, ते तिला ठाऊक होतं. तिच्या आईचं, शिरढोणच्या कृष्णाबाईचं, साखरेपायी आधी पायाचं एक बोट गेलं, मग पाऊल. चार महिने ड्रेसिंग किशोरीनेच केलं होतं. हल्ली अंघोळीनंतर ती पाय वर घेऊन बोटं मोजल्यासारखी बघायची. बघून झालं की पायमोजे घालायची.

माधुरीने गोळ्या दिल्या नाहीत की रागावली नाही. तिचं काम वेगळं होतं. माणसाची सवय कशी बसते, कशी हलवता येते, याचा तिने अभ्यास केला होता. “काय खाऊ नये ते सगळ्यांना पाठ असतं, ताई,” ती म्हणाली. “हात आपोआप कुठे जातो, ते बघायचं.” तिने एक वही दिली. जे जेवाल ते लिहा.

किशोरीने इमानाने लिहिलं. तांदळाची भाकरी एक, भात एक वाटी, कालवण. चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी तळ्याला दोन फेऱ्या. एकही दिवस चुकला नाही. तीन महिन्यांनी आकडा आला, सहा पूर्णांक तीन.

“वही खोटी आहे का माझी?” तिने माधुरीला विचारलं.

“नाही. पण एकदा तुमच्या स्वयंपाकघरात बसू का?”

गेल्या मंगळवारी संध्याकाळी माधुरी येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसली. नुसती बघत होती. घरातली तिघं जेवून उठली. किशोरीने ताटं उचलली. अपूर्वच्या ताटातला भात बोटांनी गोळा करून तोंडात टाकला. नीलेशने ठेवलेला भाकरीचा चतकोर कालवणाच्या टोपात फिरवून खाल्ला. मग भाताच्या टोपाला चमचा लावला. उरलेल्यातला निम्मा भात उभ्याउभ्याच संपला.

“ताई, जेवण झालं तुमचं?” माधुरीने विचारलं.

“अजून कुठे? बसतेच आता.”

“मग आत्ता खाल्लंत ते?”

किशोरी टोपाकडे बघत राहिली. ते जेवण नव्हतं. ती आवराआवर होती. भांडं घासायला टाकण्याआधी रिकामं करतात, तसं ते होतं. वहीत लिहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“एवढा उरतो का रोज?”

“उरतोच. आईंची मूठ असते ना.”

तांदूळ भामाबाई मोजायच्या, किशोरी लग्न होऊन आल्यापासून चोवीस वर्षं. चौघांची मापं टोपात पडली की वर दोन मुठी, आल्यागेल्याच्या. पळस्प्याला त्यांचं जुनं घर अगदी हमरस्त्यावर होतं. गोव्याकडे जाणारं कोणी ना कोणी उतरायचं, हात धुऊन पानावर बसायचं. तेव्हा त्या मुठी पुरायच्या नाहीत. मग पनवेलला तिसऱ्या मजल्यावर येऊन अकरा वर्षं झाली. खाली वॉचमन बसतो, फोन केल्याशिवाय कोणी येत नाही. मुठी मात्र पडत राहिल्या. अकरा वर्षं न आलेल्या पाहुण्याचा भात किशोरी जेवत होती, आधी टोपाशी उभी राहून, मग सकाळी फोडणी देऊन.

माधुरीने वही मिटली. “नाही खायचं असं रोज ठरवत बसाल तर दमाल. समोर उरेल तोवर हात जाणार. उरणारच नाही असं करा. आणि भुकेल्या पोटी शेवटी बसू नका. अमुक झालं की तमुक, असं एकच काहीतरी बांधून घ्या.”

चार दिवस किशोरीने काहीच बांधून घेतलं नाही. आज टोप हातात घेतला, चमचा उचलला आणि कचऱ्याचा डबा उघडून भात त्यात ओतला.

“आल्यागेल्याचा भात कचऱ्यात,” भामाबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. “तुझे सासरे असते तर?”

“कोण आलंय, आई? अकरा वर्षांत कोण आलंय न सांगता?”

“येल कोण तरी.”

“आलं तर कुकर लावीन. वीस मिनिटं लागतात.”

“अगं, एवढ्याशा भातानं काय होणार आहे?” नीलेश म्हणाला. “तुझा आकडा पॉइंट एकनेच तर वाढलाय. घर डोक्यावर घेतेस.”

किशोरीने एक पाय स्टुलावर ठेवला, पायमोजा काढला आणि पाऊल दिव्याखाली धरलं. पाच बोटं. अपूर्वने टीव्हीचा आवाज कमी केला.

तिने पायमोजा परत चढवला. तांदळाच्या डब्यातलं माप काढून ओट्यावर ठेवलं.

“उद्यापासून तांदूळ मी मोजणार,” ती म्हणाली. “मूठ बंद. भाताचं झाकण निघालं की पहिलं ताट माझं, मी बसून जेवणार. ज्याच्या ताटात उरेल, त्याने ते संपवून उठायचं.”