ताईची बारी

ताई शाळेत झाडूला हात लावत नसे. घरी तिच्याइतकी टापटीप बाई मी पाहिली नाही. तिच्या खोलीतली फरशी इतकी लख्ख, की चहाचा कप खाली ठेवायला संकोच वाटे. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की झाडू तिला परका. वर्गात कागद पडले तर वाकून हातानं वेचायची, खडूची भुकटी ओल्या फडक्यानं टिपायची. झाडू मात्र नाही म्हणजे नाही.

आमची गाठ पडली ती कोरियात. बी.एड. झालेल्या काही भारतीयांना तिथल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवायला घेतात, तशा आम्ही दोघी एकाच वर्षी गेलो. मी अमरावतीची, भाजीबाजारात गाळा असलेल्या माळ्याची लेक. ती अकोल्याच्या एका शाळेतून बिनपगारी रजा काढून आलेली, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. समुद्राकाठच्या एका लहानशा गावात एका टोकाला तिची शाळा, दुसऱ्या टोकाला माझी. पहिल्या भेटीत मी जरा सांभाळून, शुद्ध बोलायला लागले, तर म्हणाली, "अमरावतीची आहेस ना? मंग पुन्यावानी काहून बोलून राहिली?" त्या दिवसापासून ती माझी ताई झाली.

"मागच्या बाकापर्यंत आलं पायजे" हे तिचं वर्गातलं पालुपद. तिकडची मुलं मुळात लाजरी, इंग्रजी वाक्य ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. ताई फळ्यापाशी थांबतच नसे. सरळ शेवटच्या बाकामागं जाऊन उभी राही आणि कानामागं हात धरी. ऐकू येईपर्यंत मुलाची सुटका नाही. मराठीतच सांगायची आणि मुलांना ते कळायचं. तिच्या हाताखालची पोरं आजही अकोल्याच्या वळणाचं इंग्रजी ठणठणीत आवाजात बोलत असतील, याबद्दल मला शंका नाही.

तिथं एक रीत आहे. दुपारचं जेवण झालं की वीस मिनिटं शाळा झाडायची. शिपाई नाही, मुलं आणि शिक्षकच. पहिल्याच आठवड्यात ताईच्या सहशिक्षिकेनं, एका गोड तरुण पोरीनं, तिकडच्या पद्धतीप्रमाणं दोन्ही हातांनी झाडू पुढं केला. ताईनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले आणि म्हणाली, "नो, थँक यू." मग रोज ती वीस मिनिटं ती व्हरांड्याच्या खिडकीपाशी उभी राहायला लागली.

मी काय केलं? पहिल्याच दिवशी झाडू घेतला, फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला. बाबा जाम खूश. तो फोटो ताईला दाखवला तेव्हा ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "तुले झाडू धरून फोटो काढता येते. माह्या आईनं माहा असा फोटो पाहला असता तं रडली असती."

तेव्हा तिनं सांगितलं. अचलपूरजवळच्या एका खेड्यात ती तिसरीत होती. गुरुजी रोज सकाळी वर्गावर नजर फिरवत आणि तीच तीन नावं घेत, त्यांत एक तिचं. तिन्ही पोरं तिच्याच गल्लीतली, बौद्धांच्या वस्तीतली. पोरं उठत, वर्ग झाडत, मग हजेरी होई. कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, तिलाही नाही. एक दिवस वडील तिची विसरलेली पाटी द्यायला आले आणि दारातच थबकले. आत येऊन त्यांनी तिच्या हातातला झाडू काढून गुरुजींच्या टेबलावर ठेवला. "पोरीले मी लेखनी धराले पाठोतो, गुरुजी. झाडू आमच्या घरी आहे." इतकंच बोलून मजुरीला निघून गेले. तेव्हापासून शाळेतल्या झाडूला तिचा हात लागला नव्हता. मास्तरीण झाल्यावरही नाही.

आता गंमत बघा. तिच्या सहशिक्षिकेनं मला गावातल्या शिक्षकांच्या एका बैठकीत बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या मॅडम फार वरच्या जातीच्या आहेत का? झाडूला हात लावत नाहीत." मी हे ताईला सांगितलं, तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "जन्मात पयल्यांदा कोनी मले वरच्या जातीची म्हनलं, तेबी झाडूपायी." मग हसू ओसरलं. त्या बिचारीला हे कुठल्या भाषेत समजावून सांगायचं, हे दोघींनाही उमगेना.

वर्ष संपत आलं तशी गोष्ट गळ्याशी आली. उपमुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलं की शिकवण्यात खोट नाही, पण या बाई शाळेच्या कामात मिसळत नाहीत. असंच राहिलं तर करार वाढणं कठीण. ताईला दुसरं वर्ष हवं होतं. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर होतं आणि घरात कमावती ती एकटीच. मी म्हटलं, "ताई, घे ना एकदा हातात. वीस मिनिटांचा तर प्रश्न." "गेली नोकरी तं गेली," ती म्हणाली. "बापाचा शब्द वीस मिनिटाचा नव्हता."

मला वाटायचं ती खिडकीपाशी नुसती रुसून उभी राहते. तसं नव्हतं. एक दिवस तिनं पर्समधून वही काढून माझ्यापुढं टाकली. पानापानांवर नावं. आज कुणी झाडलं, काल कुणी, संडास कुणी धुतला, जिना कुणी पुसला. सगळ्या वर्गांचं, चार महिन्यांचं. ती गल्ली शोधत होती. तीच ती तीन नावं फिरून फिरून येतात का, हे पाहत होती.

"डॉक्टरचं पोरगं संडास धुते," ती म्हणाली. "कोळ्याची पोरगी फळा पुसते. दुसऱ्या दिवशी उलटं. मुख्याध्यापकाची नात याच शाळेत आहे, तिचंबी नाव आहे. चार महिने शोधून राहिली मी, गल्ली सापडली नाही. अठी नाव घेऊन कोनाले उठवत नाहीत. अठी बारी येते."

पुढं तिनं जे केलं ते तीच करू जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी 'मला दुसरा करार नको' असं लिहून तिनं कार्यालयात दिलं. आणि त्याच दुपारी वर्गात जाऊन म्हणाली, "टुडे इज माय टर्न." मुलांनी भिंतीवरच्या झाडण्याच्या यादीत तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवली, तिनं झाडू घेतला आणि शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत वर्ग झाडला. आधी कराराला नकार कशाला, मी विचारलं. मी रागावलेच होते. "करारासाठी वाकली असं कोनी म्हनू नये," ती म्हणाली. "मी वाकली नाही. माही बारी होती."

उरलेल्या सहा आठवड्यांत तिची बारी आणखी दोनदा आली. मग ती अकोल्याला परतली. विमानतळावर मी रडले. तिनं रुमाल दिला, तोही कडक इस्त्रीचा.

अकोल्यात तिनं आपल्या वर्गाच्या भिंतीवर तशीच यादी लावली. महिन्याभरात एक वजनदार पालक मुख्याध्यापकांना घेऊन आले. आमच्या पोरीच्या हातात झाडू काहून दिला, असा सवाल. ताईनं यादीकडं बोट दाखवलं. "पयलं नाव माहं आहे. तुमच्या पोरीचं खोडाचं असन तं आधी माहं खोडा, मंग सगळ्यांचं. एकटं कोनाचंच खोडू देनार नाही." दोन वर्षं हा वाद चालला. मुलीच्या शिक्षणासाठी ती संध्याकाळी शिकवण्या घेत होती, दिवसा हे. यादी उतरली नाही. हे सगळं मला ती फोनवर सांगायची आणि मी दाद द्यायची.

दाद देणं सोपं होतं. मी परतून अमरावतीच्या शाळेत लागले, त्याला वर्ष झालं होतं. एका सकाळी शिपाई आला नव्हता, तपासणीला साहेब येणार होते, माझी घाई चाललेली. मी वर्गावर नजर फिरवली आणि म्हटलं, "ए, तुम्ही तिघं, पटकन झाडून घ्या बरं."

तिघं उठली. सवयीनं उठली. तेव्हा मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. चाळीस मुलांतून मी ही तीनच का निवडली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांना बसायला सांगितलं.

मधल्या सुट्टीत हजेरीपटावरून यादी केली, भिंतीला लावली आणि ताईला फोन केला. काय झालं ते काही न लपवता सांगितलं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार.

"पयलं नाव कोनाचं लिवलं?" तिनं विचारलं.

"माझं."

"मंग फोनवर काहून बोलून राहिली?" ताई म्हणाली. "जा, झाडू घे."