खांद्यावरून उतरलेला माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो. मधेच थांबलो तर थांबू द्या — मला या गोष्टीचा संताप येतो, अजून येतो.

आमच्या वाडीतला पहिला बी. ए. मी. त्याचा अभिमान आहे, लपवणार नाही. निकाल लागला तेव्हा वाडीने ढोल वाजवले, मी शाळेत मास्तर झालो, म्हातारी माणसं मला रावसाहेब म्हणू लागली. आणि या रावसाहेबाला माणसांचे चेहरे ओळखता येत नव्हते! डोळे चांगले आहेत, मुंगीचे पाय दिसतात. पण नाक, कपाळ, हनुवटी सगळं दिसूनही त्याचा ओळखीचा माणूस होत नाही. लहानपणापासून मी माणसं ओळखत आलो ती चालीवरून, आवाजावरून, डोक्यावरच्या मुंडाशावरून. हे सांगायचं कुणाला? ज्याच्या कॉलेजापायी भाऊ मुंबईच्या गिरणीत कापडाच्या साच्यावर खोकत उभा राहिला, त्याचं डोकंच अधू आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तो भाऊ म्हणजे दादा. डावा पाय किंचित ओढायचा, लाल मुंडासं बांधायचा, आणि आवाज असा की दोन मळ्यांपलीकडून ऐकू यावा. माझा दादा म्हणजे या तीन खुणा.

एका पौषात त्याचं पत्र आलं. आजारी आहे, आगबोटीने येतो, बाळूला बंदरावर पाठवा. मी गेलो. आगबोट लांब उभी राहते, उतारू छोट्या पडावातून येतात, आणि शेवटचं गुडघाभर पाणी खलाशी त्यांना खांद्यावर घेऊन पार करतात. खांद्यावरच्या माणसाला चाल कुठली? दादाचं तापात डोकं भादरलेलं, मुंडासं नाही. घसा पार बसलेला. त्याने हात वर केला — पण हात तर सगळेच वर करत होते. मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. एक वाळका, टकला म्हातारा. त्याला वळसा घालून मी पुढच्या पडावाकडे गेलो.

शेवटचा पडाव रिकामा झाल्यावर घरी येऊन आईला सांगितलं, "आये, दादा आला नाय."

संध्याकाळी दादाच्या पडावाच्या तांडेलाने, खलाशांच्या म्होरक्याने, त्याला बैलगाडीत घालून दारात आणला. ओटीवर टेकून दादा घोगरं हसला. "बाळू आला होता की बंदरावर. माझ्या तोंडाकडं बघितलान आणि पुढं गेला."

आई माझ्याकडे बघत राहिली. इथे — इथेच — एक वाक्य पुरे होतं. मला चेहरे ओळखू येत नाहीत. मी काय बोललो माहीत आहे?

"आमचे हेडमास्तर होते तिथे. तुझा तो अवतार बघून लाज वाटली मला."

हेडमास्तर नव्हते. कुणीच नव्हतं. पण मला माजोरी ठरणं चाललं, अधू ठरणं चाललं नाही. शिकलेल्याचा माज लोक पोटात घालतात, हे हिशेबाने जाणूनच मी बोललो.

"मेल्या, जीभ कशी झडली नाय तुझी?" आई ओरडली.

दादाने तिलाच गप्प केलं. "ऱ्हाऊं दे गो आये. चार मोठ्या माणसांत बसायचं असतं त्याला."

त्यानंतर माझ्याकडे कुणी आलं की दादा आपली घोंगडी उचलून मागच्या पडवीत जायचा. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पंचा कोंबायचा. आणि मी? मी ओटीवर बसून पाहुण्यांशी देशाच्या भवितव्यावर बोलायचो! शिमग्याआधी तो गेला. थोबाडीत का नाही मारलीस रे, दादा? याचाही मला राग येतो. पण तो तुझ्यावर काढायचा मला काय अधिकार?

गेल्या साली आई वारली. भेटायला आलेल्या एका माणसाने विचारलं, "ओळखलंस ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. मला चेहरे ओळखू येत नाहीत. नाव सांगा." तो मामा होता. त्याने नाव सांगितलं आणि पाणी मागितलं. बस्स, एवढंच! चेहऱ्यांचं आता मी सगळ्यांनाच सांगतो; बंदराचं नाही. मासळीबाजारातली हलिमा लांबूनच ओरडते, "मास्तर, मी हलिमा! तोंड कालचंच हाय, बांगडा आजचा हाय!" लोक हसतात, मीही हसतो. वाडीचं नाक कापलं गेलं नाही. ज्या भीतीपायी मी दादाला पडवीत घातला, ती एवढी फडतूस निघाली.

बंदरावर चुकलं ते माझं डोकं. ओटीवर बोललो तो मी.

दादाचा एकच फोटो आहे. गिरणीतले अकरा जण ओळीने उभे, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. आई होती तोवर तिला विचारता आलं असतं. विचारलं नाही. दरवर्षी त्याच्या श्राद्धाला मी हार अख्ख्या चौकटीला घालतो. त्यातला दादा कोणता, मला ठाऊक नाही.