गाडीच्या दारावरची बाई

"संतोष, आधी चावी काढून घे. मग ताईंना बसू दे."

मॅडम हे माझ्यासमोर बोलल्या. आवाज खाली करून नाही, नेहमीच्या आवाजात. संस्थेच्या आवारात नवीकोरी पांढरी गाडी उभी होती. तिच्या दारावर एक बाई रंगवलेली. हिरवी साडी, मोठं कुंकू, हातात स्टेअरिंग. खाली अक्षरं: 'चूल ते चाक'. संतोषनं चावी काढली, खिशात घातली. मग मी चढले.

"दोन्ही हात स्टेअरिंगवर, ताई. हसा. समोर बघा, रस्ता बघितल्यासारखं."

समोर संस्थेच्या संडासाची भिंत होती. मी तिच्याकडे रस्ता बघितल्यासारखं बघितलं. नाटकाची मला पहिल्यापासून हौस. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी यमाचा रेडासुद्धा झालेली आहे. मान तिरपी करून वळण घेतलं, मधे एक म्हैस आली असं समजून ब्रेक दाबला. फोटोवाला खूश.

"झालं. उतरा ताई."

मी उतरले. संतोष बसला. चावी लावली आणि गाडी देणाऱ्या पाहुण्यांना आणायला वाशीमला निघाला. दारावरची बाई स्टेअरिंग धरून त्याच्याबरोबर गेली. मी धुळीत उभी. लायसन माझ्या पिशवीत.

खोटं बोलणार नाही. गाडी मला याच संस्थेनं शिकवली. मी केनवडची. तोवर विळा घेऊन लोकांच्या वावरात सोयाबीन सोंगायला जायची. संस्थेनं माझ्या वाटेतला एकेक धोंडा उचलला. नवऱ्याला समजवायला मॅडम स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, बिनदुधाचा चहा प्यायल्या. रिसोडला क्लासला जायला जीप मिळेना, तर भाड्याची गाडी पाठवली. साडी पायात गुंतायची, तर पंजाबी ड्रेस शिवून दिला. शिकवणारा माणूस गिअर सोडून माझ्या हातावरच हात ठेवायचा, तर त्याला काढून बाई आणली. असं कोण करतं? माझ्या आईनं केलं नव्हतं.

घरी सासू. सगळ्यांना वाटायचं, सासू आडवी येईल. ती खरंच आली. बाजाराच्या मैदानावर मी पहिल्यांदा एकटी गाडी फिरवणार, तर ही बया येऊन पुढच्या सीटवर बसली.

"आत्या, उतरा. मले भेव वाटून राह्यलं."

"मलेबी. चालव. मेलो तं दोघी संगच मरू."

आणि डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी सीट धरून तिनं मैदानाचा पूर्ण फेरा माझ्यासोबत घातला. उतरल्यावर म्हणाली, "बरी चालोते." एवढं कौतुक तिनं आपल्या पोराचंही कधी केलं नसेल.

लायसन आलं त्या दिवशी मॅडमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, संस्थेला गाडी मिळणार आहे. ती तुम्हीच चालवायची. पगारी नोकरी."

तो शब्द मी केनवडभर मिरवला. मिरवणार नाही तर काय! वावरातली मजुरी सोडली. चहाच्या टपरीवरची माणसं दर आठवड्याला विचारायची, "काय वो ड्रायव्हरीनबाई, कवा येते गाडी?"

मी मान ताठ करून सांगायची, "येऊन राह्यली!"

गाडी आली. तिच्यासोबत संतोष आला. त्याचं लायसन माझ्या नंतरचं.

मी मॅडमला विचारलं, "तुमी तं म्हनलं होतं, मीच चालवीन."

मॅडम गोड हसल्या. त्या नेहमी गोडच हसतात. "समजून घ्या, ताई. पाहुणे बाहेरचे असतात. बाई चालवते म्हटलं की घाबरतात. आणि स्टाफ वेगळा, लाभार्थी वेगळे. तुम्ही आमच्या लाभार्थी आहात."

लाभार्थी. तो शब्द मी घरी नेला.

सासूनं विचारलं, "लाभार्थी म्हंजे काय वो?"

"ज्याले फायदा झाला तो."

सासूनं जरा विचार केला. "गाडी त्यायले भेटली. नोकरी त्या पोराले भेटली. मंग तू कायची लाभार्थी?"

नवरा हसला. मी पण हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

तरी मी पाहुण्यांच्या कार्यक्रमाला गेले. वाटलं होतं, पाहुण्यांसमोर मला पाहून मॅडमना आपला शब्द आठवेल. सासूही आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. सुनेचा सत्कार होणार म्हणून नवऱ्यासोबत शेवटच्या रांगेत बसली.

मी काय बोलायचं ते मॅडमनं आधीच पढवलं होतं. सासूनं चटका दिला. नवऱ्यानं खोलीत कोंडलं. मग संस्था आली. "आणि रडू आलं तर आवरू नका, ताई. नैसर्गिक वाटेल."

"मॅडम, असं काई झालंच नाई."

"कुणाच्या तरी घरी झालंच असेल ना? तुम्ही त्या सगळ्यांच्या वतीनं बोला."

मला स्टेजवर बोलावलं तेव्हा मॅडम माईकवर म्हणाल्या, "या ताईंनी आपल्या आयुष्याचं स्टेअरिंग स्वतःच्या हातात घेतलंय!" टाळ्या. आयुष्याचं मिळालं. गाडीचं तेवढं राहिलं.

मी माईक घेतला. समोर पाहुणे, मागे माझी सासू. तिनं पदर सारखा केला.

मी बोलले, "माह्यी सासू ते मांगं बसली हाय. तिनं मले चटका नाई देला. माह्या गाडीत पयल्यांदा तेच बसली. मॅडम अजून नाई बसल्या. मले गाडी येते. मले नोकरी कबूल केली होती. ते द्या."

मॅडम पाहुण्यांकडे वळल्या आणि इंग्रजीत सांगू लागल्या. मला त्यातलं 'थँक यू' कळलं. दोनदा आलं. मी तर कुणाचे आभार मानलेच नव्हते.

मग मी हिंदीत घुसले. हिंदी आमच्याकडे बाजारात शिकतात, व्याकरण नसतं, पण माल विकला जातो. "साहब, मॅडम ने गलत बताया. गाड़ी के दरवाजे पे औरत है, गाड़ी में आदमी है. मेरे को फोटो नहीं होना. मेरे को काम होना."

पहिल्या रांगेतली चष्मेवाली पाहुणी उठून उभी राहिली. मला वाटलं, आता विचारेल. मॅडमला धरेल.

तिनं टाळ्या वाजवल्या. "वाह! क्या कॉन्फिडन्स है!"

सगळा हॉल उठला. टाळ्याच टाळ्या. मॅडमनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि माईकवर म्हणाल्या, "बघितलंत? कालपर्यंत ही बाई बोलत नव्हती!"

मी बोलत नव्हते! मी! केनवडात कुणालाही विचारा.

माझी तक्रारसुद्धा त्यांनी हार म्हणून आपल्याच गळ्यात घातली. इतका दगा मला कुणी दिला नव्हता. शेतमालक डोळे वटारून मजुरी कापायचा, तेव्हा निदान कळायचं की हा कापतोय.

बाहेर पाहुण्यांना गाडीसोबत फोटो हवा होता.

"संतोष, चावी..." मॅडमनं खूण केली. संतोषनं चावी काढली.

मी गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. दारावरची बाई झाकली गेली. मी हात पुढे केला.

"चावी."

"ताई, फोटोपुरतं तर बसायचंय."

"चावीसकट बसीन. नाई तं नाई."

"पाहुणे बघताहेत, ताई."

"पाहू द्या. त्यायलेच दाखवून राह्यली."

संतोष खाली बघत होता. त्याची चावीची मूठ अर्धी पुढे आली होती, खरंच आली होती. मॅडमनं त्याच्या हातातून चावी घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. चेन लावली. चेहऱ्यावर तेच गोड हसू.

मी सासूचा हात धरला आणि फाटकाबाहेर पडले. स्टँडवरून काळीपिवळी जीप धरली. सासू सवयीनं पुढे बसली आणि डोळे गच्च मिटले.

मी मागून म्हटलं, "आत्या, आता काहून मिटले डोये? मानूस चालोते ना."

"म्हनूनच."

संडासाच्या भिंतीकडे बघून हसणारी मी आता संस्थेच्या कॅलेंडरवर आहे. तहसील कचेरीत टांगलीय, बँकेत टांगलीय. मला नोकरी नाही. मी परत वावरात जाते.

पण नवी बॅच सुरू होते त्या सकाळी मी वावरात जात नाही. संस्थेच्या फाटकासमोर उभी राहते. आत जाणाऱ्या बायांना 'जाऊ नका' म्हणत नाही. जा बायांनो. क्लच शिका, ब्रेक शिका, लायसन काढा, यातलं काहीही सोडू नका. फक्त खाली बसण्याआधी मॅडमला एक विचारा: तुमची गाडी कोण चालवते?

मला हटवायला संस्थेनं फाटकावर वॉचमन ठेवलाय. त्या नोकरीला माणूस लगेच मिळाला.

ठेवू दे. पुढच्या बॅचलाही मी तिथेच उभी असेन. आणि आत गेलेली एखादी उभी राहून तोच प्रश्न विचारेल, तेव्हा त्याचं इंग्रजी करायला मॅडमला 'थँक यू' पुरणार नाही.