अडलेला कौल

सत्तरी ओलांडलेल्या बाईला कॅन्सर झाला की ती मरणाला घाबरत असेल, असं सगळ्यांना वाटतं. मी घाबरले ती पिशवीला. गाठ गुदाशयात अगदी खाली होती. रेडिएशन आणि औषधांनी लहान झाली, पण गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "वय आडवं येत नाही, आजी. हृदय, फुप्फुसं चांगली आहेत तुमची. गाठ काढून आतडं पुन्हा जोडता येईल, पण मग शौचावर ताबा राहीलच असं नाही. दुसरं म्हणजे तो भाग पूर्ण काढून पोटावर कायमची पिशवी. नुसतं लक्ष ठेवलं तर गाठ वाढायची भीती." त्यांचा कल पिशवीकडे होता.

मला ते ऐकवेना. नवीन पनवेलच्या आमच्या घरात देवाचा नैवेद्य मी सोवळ्यात करत असे. तेव्हा सुनेलाही ओट्याला शिवू देत नसे. पोटाला सदा घाण बांधलेली बाई कसलं सोवळं पाळणार? मुलगा समजावून थकला. शेवटी तोडगा मीच काढला, देवीला कौल लावायचा. उजवी पाकळी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नाही. खरं सांगते, डावीच पडावी असं मला मनातून वाटत होतं.

पनवेलजवळच्या कोन गावाच्या पुढे एका खेड्यात देवीचं देऊळ आहे. मुलगा गाडीने घेऊन गेला. गुरवाने ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि पिशवीसकट माझं सगळं गाऱ्हाणं खणखणीत आवाजात घातलं. लाजेने मी अर्धी झाले. बराच वेळ गेला, पाकळ्या काही हलेनात. "आज देवी बोलत नाय आजी," गुरव म्हणाला. माझा बांधच फुटला. देवीनेही मला टाकलं, असं वाटून मी सभामंडपात रडत बसले.

मागे ओटी घेऊन थांबलेली गावातलीच एक बाई शेजारी येऊन टेकली. माझ्याच वयाची, अंगभर सोनं, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा हात धरून तिने आपल्या पदरावरून पोटावर ठेवला. हाताला पिशवी लागली.

"बाय, मना पन हाय. मी पन अशीच रडली व्हती. आता दर मंगलवारी देवीची वटी भरतंय."

"आणि सोवळं?" मी विचारलं.

ती हसली. "घान सगल्यांचेच पोटान हाय. तुजे हाय, या गुरवाचे हाय. माजी जरा भाईर हाय, इतकाच. देवीला काय म्हाईत नाय?"

इतकी वर्षं देवापुढे बसले, पण हे कधी मनात आलं नव्हतं. डोळे पुसून मुलाला म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना फोन कर, पिशवी चालेल म्हणावं." चपला घालत होतो तोच गुरवाने आतून हाक मारली, "आजी, पाकली परली!" मी वळून हात जोडले आणि गाडीत जाऊन बसले.

ऑपरेशन नीट पार पडलं. सुरुवातीला पिशवी बदलणं जमत नसे, तेव्हा सून न सांगता जवळ येऊन बसायची. आता नैवेद्य आम्ही दोघी मिळून करतो. मध्येच पिशवी भरली तर मी उठते, स्वच्छ होऊन परत येते. तोवर ती पुरण ढवळत असते. देवाने जीव दिला, आणि माझ्याच घरातली ही मुलगीही दिली.

परवा सुनेला घेऊन देवळात गेले. ती बाई पुन्हा दिसली नाही, गुरवाने मात्र ओळखलं. "आजी, त्या दिशी पाकली कंची परली ठावं हाय का?"

"राहू द्या," मी म्हटलं. पदराखालची पिशवी एकदा चाचपली आणि ओटी भरायला पुढे झाले.